मी जातो

सहा वीस. हडर्सफील्ड अजून काळंकुट्ट,
बॉयलर घसा खाकरतो आणि गप्प होतो.
निषाद माझ्या छातीवर पालथा,
टी-शर्टवर त्याच्या लाळेचं एक बेट,
आणि जिन्यावरून जुईली ओरडते,
"बाबा, मी उठलो!"

उठलो नाही गं, उठले.
"बरं, उठले. आता मी शू करून येतो."

चार वर्षांची आहे.
मराठी तिला माझ्याकडूनच मिळाली, मीठ जास्त झालेल्या वरणासारखी,
कारण सुनेत्रा हॉस्पिटलात रात्रपाळीला,
दिवसा झोपते, आणि जागी असते तेव्हा घाईत,
आणि घाईतली आई बोलते फक्त आज्ञार्थात:
बूट घाल. तोंड पूस. हात दे. हळू.
आज्ञार्थाला लिंग नसतं.

मी-मी करायला उरतो मी.
मी भात लावतो. मी शोधतो तुझा दुसरा मोजा.
मी ओरडत नाहीये, मी फक्त मोठ्यानं बोलतोय.
तिनं ते सगळं उचललं, जसंच्या तसं,
परवा बाहुलीला कोपऱ्यात उभं करून म्हणाली,
"मी ओरडत नाहीये."

मग मी एक युक्ती काढली.
जोडीदार हरवलेला एक लाल हातमोजा होता,
तो हातात चढवून, आवाज बारीक करून,
मी बाई झालो:
मी आले! मी लपते! मला सापडव बरं, मी कुठे गेले?
तीन आठवडे. आंघोळीत, बसमध्ये,
शेजारच्या मॉरीनबाईंच्या कुंपणावरून डोकावून.
निषाद हसून हसून उचक्या देतो.
जुईली हातमोज्याचा पापा घेते, म्हणते,
"थांब, मी पण येतो."

आणि व्हायचं तेच झालं.
रविवारी कागलला फोन, दादांशी
गुडघ्यांबद्दल, उसाच्या बिलाबद्दल बोलणं झालं,
आणि शेवटी मी म्हणालो, बरं दादा, ठेवते.

पलीकडे शांतता.
मग ते असे हसले की खोकला लागला.
मी सगळं सांगितलं, हातमोज्यासकट.
"अरे मग बिघडलं काय? आपल्याकडच्या बायका
बोलायच्याच की तसं. तुझी लीलाआत्या
जन्मभर मी आलो, मी जेवलो म्हणत राहिली.
तुझी ताई पण. पुण्याला कॉलेजात गेली,
होस्टेलवर पोरी हसल्या,
दिवाळीला आली ती 'मी आले' म्हणतच आली.
आईला वाटलं, कुणी पाहुणीच आली दारात."

मला ती दिवाळी आठवते.
मी नऊ वर्षांचा. मीही हसलो होतो ताईला,
आधी जुन्या बोलण्याला,
मग नव्या.

सोमवार. सव्वाआठ. पाऊस आडवा.
सुनेत्रा दारात, कोटाला सॅनिटायझरचा वास,
नाकावर मास्कची खूण.
चार मिनिटं असते आमची भेट:
याचा ताप उतरला. तिनं अंडं खाल्लं नाही.
दुपारी दोनला माझी गोदामात पाळी, डबा फ्रिजमध्ये.
ती भिंतीला टेकून बूट काढते, डोळे मिटूनच.

जुईली बॅग पाठीला लावते, तिच्याहून मोठी,
आईच्या गुडघ्यावर हात ठेवते
आणि अगदी आत्याच्या सुरात,
जिला तिनं कधी पाहिलं नाही, म्हणते,
"तू झोप. मी जातो."

सुनेत्रा डोळे उघडून माझ्याकडे बघते:
सांग ना तिला.
माझ्या एका हातात बाबागाडी, दुसऱ्यात दुधाची बाटली,
दातांत निषादच्या कोटाची अडकलेली चेन.
म्हणून, निदान आज तरी म्हणून,
मला काही बोलता येत नाही.